जोंगाचे काम : रविवारची सूचना

सर्व माजी सैनिक सभासदांना जय हिंद.

येत्या रविवारी सकाळी 8 वाजता जोंगाचा, म्हणजे आपल्या जुन्या लष्करी जीपसारख्या गाडीचा, कार्बोरेटर बसवायचा आहे. गाडी जबलपूरची, निस्सान पी-60 च्या बनावटीची, सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी. शक्तिमान ट्रक चालवलेल्यांनी डिझेलचे सल्ले जरा जपून द्यावेत!

बॉनेट खरवडताना हिरव्या रंगाखाली युनिटचा पुसट आकडा दिसला आहे. त्यावर कोणीही पॉलिश पेपर मारू नये. आकडा कोणत्या युनिटचा, यावर वाद घालायला हरकत नाही.

सीमेवरच्या आठवणी, लंगरातला चहा, सगळे होऊ द्या. मात्र हात चालू ठेवून. मागच्या वेळी गप्पांत 10-12 चा पाना कुणाच्या तरी पिशवीत गेला, तो कृपया आणावा. जुने कपडे घालून या. पेट्रोलची टाकी उघडी असेल, विडी-सिगारेट फाटकाबाहेरच.