घरच्या नेटवर वेबसाइट

प्रिय सतीश,

जुना लॅपटॉप पुसून त्याचा सर्व्हर करायला घेतलास, छान. यंत्राची चिंता करू नकोस, साध्या पानांची साइट त्यावर सहज चालेल. खरी मेख घरापर्यंतच्या वाटेत असते.

आधी राउटरचं सेटिंगचं पान उघडून वॅनचा, म्हणजे इंटरनेट कंपनीकडच्या बाजूचा, आयपी पत्ता बघ. पहिले दोन आकडे १००.६४ ते १००.१२७ यांच्यातले असतील, तर तू सीजीनॅटमागे आहेस. सीजीनॅट म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून कुणी आलं तर कुणाकडे पाठवायचं हे कंपनीच्या यंत्राला ठाऊकच नसतं. मग राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (पोर्ट म्हणजे नंबर दिलेलं दार; त्यावर आलेल्याला घरातल्या सर्व्हरकडे पाठवणं) कितीही कर, उपयोग शून्य. आयपीव्ही४ या जुन्या पद्धतीचे सगळे मिळून पत्ते ४३० कोटींच्या आत, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्येच वाटले गेले. त्या टंचाईचा हा परिणाम.

त्यावर उपाय म्हणजे स्थिर पत्ता विकत घेणं किंवा टनेल. टनेलमध्ये तुझं यंत्रच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करून ठेवतं आणि पाहुणे त्याच वाटेने आत येतात. सोय मोठी, पण तो मधला सर्व्हर एन्क्रिप्शन स्वतः उलगडत असेल तर सगळं वाचू शकतो. मला ते खटकतं. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता, मिळत असेल तर तेही वापर, मात्र फक्त त्यावर विसंबू नकोस. सगळ्यांकडे ते नसतं.

पत्ता सार्वजनिक पण बदलता असेल, तर डायनॅमिक डीएनएस लाव, म्हणजे साइटच्या नावाला नवा पत्ता आपोआप जोडला जाईल, आणि टीटीएल, म्हणजे इतरांनी जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आण. सुरक्षित (https) जोडणीसाठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून फुकट मिळतं. त्यासाठीची पडताळणी जिथून होते ते ८० नंबरचं पोर्ट कंपनीने अडवलं असेल तर डीएनएसमध्ये नोंद करूनही ते घेता येतं.

फोटो मात्र आवर. अपलोड १० एमबीपीएस असेल तर ५ एमबीचा एक फोटो जायला ४ सेकंद लागतात, तेही पाहुणा एकटाच असताना! आणि साइट तपासताना मोबाइलचा डेटा वापर. काही राउटर घरातूनच घरच्या सार्वजनिक पत्त्यावर जाऊ देत नाहीत, आणि माणूस उगाच सेटिंग उलटीपालटी करत बसतो.

एसएसएच, म्हणजे दुरून सर्व्हर चालवायची वाट, बाहेर उघडणार असशील तर पासवर्ड बंद करून फक्त की (किल्लीसारखी वापरायची गुप्त फाइल) ठेव. पोर्ट उघडलं की बॉट, म्हणजे आपोआप घुसू बघणारे प्रोग्राम, दार ठोठावणारच. मेल सर्व्हरचा नाद मात्र सोड. २५ नंबरचं पोर्ट बहुधा अडवलेलं असतं आणि घरगुती पत्त्यांवरून आलेली मेल बरेच जण सरळ नाकारतात. ती कुठेतरी भाड्याने घे.

तुझा,
विनू