शेक, एसी आणि कलमांची मोजणी

पूर्णगड, जि. रत्नागिरी
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

प्रिय विनू,

तुझं पत्र परवा मिळालं. चार पानांतली पावणेचार पानं नातवाची आणि सोसायटीच्या पाण्याची, आणि शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात एक ओळ : 'महिनाअखेरीपासून घशाच्या कॅन्सरला शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू. फार घाबरलोय. घाबरलेल्या माणसाला शेक जास्त बाधतो का रे?' मुद्द्याचं कोपऱ्यात लिहायची तुझी खोड आठवीपासूनची आहे. मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं म्हणून मला विचारलंस, की तुझ्या वहिनीचं सगळं मी जवळून पाहिलं म्हणून, ते तूच जाणे. दोन्ही धरून लिहितो.

वहिनीचे 15 शेक झाले. डोंबिवलीला मेव्हण्याकडे तीन आठवडे मुक्काम. निघायच्या आदल्या रात्री वाडीतला एक पोरगा मोबाईलवर वाचून सांगून गेला, '4 ग्रे लागले की माणूस मरतो.' ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप, आणि हिच्या फाईलवर 40 ग्रे लिहिलेले. ती रात्रभर वाशांकडे बघत पडून होती. पोरगा खोटं बोलत नव्हता रे. सगळ्या अंगावर एका दमात 4 ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं वाचत नाहीत. पण हिचे 40 ग्रे छातीच्या एका बाजूवर, तेही 15 दिवसांत वाटून. मधल्या वेळात चांगल्या पेशी आपली डागडुजी करून घेतात. चार महिन्यांचा पाऊस एका रात्रीत पडला तर बांध राहील का? हे मी तिला पहाटे समजावलं. तोवर रात्र गेली होती.

पहिल्या दिवशी तिथला माणूस एवढंच म्हणाला, 'हलू नका, नाहीतर भलतीकडे लागेल,' आणि जाडजूड दार लावून गेला. हिचे हात डोक्यावर, छातीवर मार्करच्या खुणा, अंगावर पातळ गाऊन, आणि एसी असा की दात वाजावेत. बाहेर आल्यावर म्हणाली, 'मशीन काय करत नाय हो, एसीच मारतो.' दुसऱ्या दिवसापासून तिने एक युक्ती काढली. डोळे मिटून मागच्या दारापासून विहिरीपर्यंतची कलमं मोजायची. तिसरा हापूस, मग तो वांझोटा पायरी, मग बांधावरचा रायवळ. विहीर यायच्या आत दार उघडायचं.

एसीवरून आठवलं. अमेरिकेत बफेलोला रॉसवेल पार्क म्हणून कॅन्सरची संस्था आहे. तिथल्या लोकांच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेतले उंदीर साधारण 22 अंशांत ठेवतात, पण उंदराला बरं वाटतं ते 30च्या आसपास. म्हणजे आपल्यासारखंच! ऊब राखायला त्या बिचाऱ्यांच्या अंगात ताणाचं रसायन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, सतत वाहत असतं. त्यांनी उंदरांच्या गाठींना शेक दिला. उबेत ठेवलेल्या उंदरांत, किंवा त्या रसायनाची वाट अडवणारं औषध दिलेल्यांत, शरीराची स्वतःची फौज गाठीवर जास्त जोराने चालून गेली. हे 2020 साली छापून आलं. ते औषध ब्लडप्रेशरच्या जुन्या गोळ्यांपैकीच आहे. तुला ओळखतो म्हणून सांगतो, डॉक्टरांना न विचारता घ्यायला जाऊ नकोस.

दुसरं उदाहरण 2012चं, न्यू जर्सीतलं. पेशीत पी-53 नावाचं एक प्रथिन असतं. किरणांनी डीएनए तुटला की ते पेशीला थांबवतं. दुरुस्त होत असेल तर करवून घेतं, नाहीतर पेशीला मरायला लावतं. आपल्या बागेतला राखणदार समज. उंदरांना रोज काही तास अरुंद नळीत कोंडून ठेवलं, तेव्हा त्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक वाढलं आणि साखळीने त्या राखणदाराचीच मोडतोड सुरू झाली. मग किरण दिल्यावर त्यांच्यात गाठी जास्त झाल्या. मात्र हे उंदीर मुळात अर्ध्याच राखणदाराचे, म्हणजे त्या जनुकाची एकच धड प्रत असलेले. आणि 2015मध्ये जपानमधल्या संशोधकांनी उंदरांना असंच कोंडून किरण दिले, तर रक्त तयार होण्यावर जो परिणाम व्हायचा त्यात ताणामुळे फारसा फरक पडला नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ताण हा नुसता मनाचा खेळ आहे असं म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस, तो रक्तात उतरतो. पण 'तू घाबरलास म्हणून शेक लागला नाही' असं माणसाच्या बाबतीत कुणी सिद्ध केलेलं नाही. त्यामुळे घाबरल्याबद्दल आणखी घाबरू नकोस. आणि 'पॉझिटिव्ह राहा' म्हणत फोन करणाऱ्यांना माझ्याकडे पाठव, मी बघतो.

भीती काय करू शकते ते मी अंगणातच पाहिलं. गावी परतलो तर शेजारची काकू हिच्याजवळ बसेना. हिच्या अंगातून किरण येतात म्हणे. बाहेरून दिलेला शेक अंगात राहत नाही, टॉर्च बंद केल्यावर भिंतीत उजेड उरतो का? पण एक दिवस चुकून शेजारी बसली, आणि संध्याकाळी मानेवर लाल चट्टे दाखवत आली, 'खाज सुटलीय गो बाय, तुझ्यामुळं.' हिला रडू फुटलं. मला राग आला, पण चट्टे खरेच होते. मी हात लावून पाहिले.

तेव्हा मला ब्राझीलमधलं गोयानिया आठवलं. 1987च्या सप्टेंबरात तिथे भंगारवाल्यांनी बंद दवाखान्यातलं शेकाचं जुनं यंत्र फोडलं. आतली किरणोत्सारी सीझियमची पूड अंधारात निळी चमकायची, म्हणून लोकांनी घरोघर वाटली. 4 माणसं गेली, त्यात एक 6 वर्षांची मुलगी. तिच्या दफनाच्या वेळी लोकांनी शवपेटीवर दगड मारले. तपासणीला स्टेडियमवर 1 लाख 12 हजार माणसं लोटली. किरणोत्सारी पूड लागलेली निघाली 249. पण पहिल्या 60 हजारांत सुमारे 5 हजार जणांना मानेवर, छातीवर पुरळ, उलट्या, जुलाब. किरणांच्या आजारात होतं तसंच, आणि त्यातल्या एकालाही पुडीचा कण लागलेला नव्हता. काकूला मी हे सांगितलं. ती म्हणाली, 'मग मला ब्राझीलचं झालं काय?' आता ती हिच्याकडे घावन खायला येते.

जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राचा अपघातही तसाच. 2011च्या त्या मार्चात राजापूर तालुक्यात जैतापूरचं आंदोलन पेटलेलं, आपण दोघे त्यावरून भांडलोही होतो. त्या वादात मी आज पडत नाही. पण फुकुशिमा प्रांतात घाईने हलवल्यामुळे, उपचार तुटल्यामुळे, परक्या जागी खंगून 2 हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक म्हातारी. किरणांमुळे गेला असं सरकारने मान्य केलं तो एक कामगार, तेही 2018मध्ये.

सरोजवहिनींकडेही लक्ष दे, सेवा करणाऱ्यालाही ताण बाधतो. ओहायोत 1995 साली स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची सेवा करणाऱ्या बायकांच्या हातावर बारीकशी जखम करून पाहिलं. इतरांपेक्षा ती भरायला सरासरी 9 दिवस जास्त लागले. गेल्या वर्षी माझ्या अंगठ्याला कोयती लागली ती दीड महिना चिघळली. मला साखर आहे, हेही खरं. पण त्या दीड महिन्यात मी धड झोपलो नव्हतो.

तुझ्या तोंडावर ते जाळीचा मुखवटा बसवतील, डोकं हलू नये म्हणून. तू लहानपणी लपाछपीत कणगीत अडकला होतास, हे मी विसरलेलो नाही. मुखवटा बसवायच्या दिवशीच तिथल्या माणसांना हे सांग. लाजू नकोस. ते आतलं सगळं कॅमेऱ्यावर बघत असतात, हात वर केलास की थांबवतात. तरीही जमेना तर डॉक्टर आधी शांत वाटेल असं औषध देतात. आणि रात्री झोप येत नसेल तर तेही फाईलवर लिहवून घे, पत्राच्या कोपऱ्यात नको.

पहिल्या शेकाला मी आहे. आदल्या दिवशीच्या तुतारी एक्स्प्रेसने येतो, दादरला कुणाला पाठवू नकोस. वहिनीने तिची ती शाल धुऊन ठेवली आहे, शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर ठेवायची आणि बाहेर आल्या आल्या परत घ्यायची. कलमं तुझ्याकडे नाहीत, तेव्हा पावसच्या शाळेपासून तुमच्या जुन्या घरापर्यंतची घरं मोज. मधलं साठ्यांचं पडलं, ते धरायचं की नाही तू ठरव.

तुझा,
बाळ्या

ता. क. शेक सुरू व्हायच्या आत दात दाखवून घेतलेस का? घशाच्या शेकाआधी ते करावं लागतं, नंतर दात काढणं त्रासाचं होतं. आणि कोकम आणत नाही, तुला झोंबेल. पेजेचे तांदूळ आणतो.