हांगचौ अर्ध्या दिवसात उरकू नका

महोदय,

चीनच्या सहलींत शांघायला जोडून हांगचौ अर्ध्या दिवसात उरकतात. अंतर बघता ते सोपं वाटतं: शांघायच्या होंगछियाओ स्थानकातून वेगवान रेल्वेने हांगचौ पूर्व स्थानक साधारण तासाभरावर. पण पासपोर्ट हेच तिकीट असतं, आणि स्वयंचलित फाटक परदेशी पासपोर्ट बरेचदा वाचत नाही. कर्मचारी असलेल्या रांगेत उभं राहावं, पाऊण तास हाताशी ठेवावा. पुढे मेट्रोची १ क्रमांकाची लाइन, लोंगशियांगछियाओला उतरलं की शहराचा प्रसिद्ध तलाव, वेस्ट लेक, चालत काही मिनिटांवर.

वेस्ट लेकचा काठ विनामूल्य आहे. पैसे लागतात होडीला आणि लेइफंग पॅगोडाला. हा पॅगोडा १९२४ मध्ये कोसळला, आजचा २००२ चा. आत जुन्या विटांचा ढिगारा काचेआड दिसतो. माझ्या मते वरच्या मजल्यांपेक्षा तोच बघण्यासारखा. कवी सू तोंगपो इथे अधिकारी असताना, १०८९ नंतर, तलावातला गाळ उपसून बांधलेला सू बांध पावणेतीन किलोमीटरचा, सहा कमानी पुलांचा. सकाळी लवकर चालावा. तलावातल्या बेटाजवळचे तीन दगडी दीप एक युआनच्या नोटेमागेही आहेत.

१ ऑक्टोबरचा, चीनच्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीचा आठवडा टाळाच, तलावाकाठच्या ‘तुटका पूल’ नावाच्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते. अलीपे हे मोबाइलवरून पैसे देण्याचं चिनी अ‍ॅप घरूनच सुरू करून कार्ड जोडून न्यावं.

– एक वाचक