गृहमंत्र्यांस खुले पत्र : सोसायचे ते आम्हीच का?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात मी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात गेले, तेव्हा अंमलदारांनी माझा मोबाईल पाहून परत टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, राजकारणात आलात म्हटल्यावर एवढे सोसावेच लागते." मी एका लहान गावची सरपंच आहे. हळदीकुंकवाच्या फोटोतला माझा चेहरा कापून उघड्या शरीरावर चिकटवला होता, खाली माझ्या चारित्र्यावर चार ओळी होत्या. हे चित्र गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले आणि दहावीतल्या माझ्या मुलीला ते तिच्याच वर्गातल्या मुलाने दाखवले. ठाण्यातून मला अदखलपात्र नोंदीचा, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करत नाहीत अशा नोंदीचा, कागद देऊन वाटेला लावण्यात आले.

टीका सोसायला मला कोणी शिकवायला नको. नळाला चार दिवसांआड पाणी येते म्हणून याच ग्रुपवर लोकांनी रिकाम्या हंड्यांचे फोटो टाकले, थकीत पाणीपट्टीच्या नोटिसा काढल्यावर मला वाट्टेल ते बोलले. ते मी ऐकून घेतले आणि ग्रामसभेत उभी राहून हिशेब दिला, कारण विचारणे हा त्यांचा हक्क आहे. पण माझ्या अंगाची विटंबना पाणीपुरवठ्यावरची टीका कशी ठरते, हे आपणच सांगावे.

अश्लील मजकूर पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ खाली दखलपात्र गुन्हा आहे, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षेचा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितले आहे. हे मला माहीत असावे आणि खाकी वर्दीला नसावे?

आणि पोलिसांना घाई करता येत नाही, असेही नाही. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिणारी पालघरची तरुणी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना लगेच अटक झाली. त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचेच कलम ६६अ पुढे २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरले. २०२२ मध्ये शरद पवार यांच्याविषयीच्या पोस्टवरून एका अभिनेत्रीने महिन्याहून अधिक काळ कोठडीत काढला. २०२५ मध्ये उपमुख्यमंत्र्यांवरच्या विडंबनगीतासाठी कलाकारावर गुन्हा दाखल झाला आणि कार्यक्रमाचा स्टुडिओ फोडला गेला. सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण नेत्याला एक शब्द लागला की यंत्रणा रात्रीतून धावते आणि सरपंचबाईची अब्रू गेली की तिला सहनशीलता शिकवते. ज्यांनी टीका सोसायला हवी, ते सोसत नाहीत. जे कोणीच सोसू नये, ते आमच्या पदरात टाकले जाते.

ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडिया या मानवी हक्क संघटनेने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ९५ महिला राजकारण्यांविषयीच्या ट्विटांचा अभ्यास केला, तेव्हा दर सातातले एक ट्विट आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचे निघाले. त्या निदान नावाजलेल्या, पाठीशी पक्ष असलेल्या बाया. स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण देऊन सर्वच पक्षांनी पाठ थोपटून घेतली. पण निवडून आलेल्या बाईला घरातूनच "राजीनामा दे आणि गप बस" ऐकावे लागते, तेव्हा त्यांतले कोणीही उंबऱ्याशी उभे नसते. मी राजीनामा देणार नाही.

माझ्या तक्रारीवर गुन्हा नोंदवण्याचे आणि ते चित्र प्रथम कोणी टाकले याचा तपास करण्याचे लेखी आदेश आपण द्यावेत, आणि असे अर्ज अदखलपात्र म्हणून परत पाठवणाऱ्या प्रत्येक ठाण्याकडून खुलासा मागवावा.

आपली,
एक सरपंच