किल्लीचं काय करू?

प्रिय शुभे,

इतके महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या भेटल्यावर घाल. गुडघा आहे तसाच, आई बरी. लिहायला बसले ती बंडूमुळे. दुसऱ्या कुणाला सांगायचं तर "अफूचं व्यसन सोडवायला अफूच्याच जातीचं औषध?" इथपासून सुरुवात करावी लागते.

सकाळी ते औषध, मेथाडोन, घेतलं की दुपारपर्यंत स्वारी ठीक. संध्याकाळी घाम, जांभया, पायांत गोळे. डोस वाढवा म्हटलं की समुपदेशकांची भुवई वर. तूही म्हणालीसच होतीस, "नाटकं करतोय." (तुझ्या लग्नातल्या त्या उसन्या पैशांचा राग बोलत होता तो, नाही म्हणू नकोस.) आता नव्या डॉक्टरांनी जनुकीय तपासणी करवली. यकृतातलं सीवायपी२बी६ नावाचं एन्झाइम मेथाडोन मोडतं. जनुकातल्या फरकामुळे कुणाचं ते सुस्त असतं, कुणाचं चपळ. आपल्या बंडूचं चपळ! जन्मात पहिल्यांदा कशात तरी चपळ निघाला.

मला वाटलं, आता डोस वाढणार. पण डॉक्टर म्हणाल्या, नुसत्या रिपोर्टवर डोस ठरत नाही. हे औषध शरीरात निम्म्यावर यायला कुणाला ८ तास लागतात, कुणाला ५९. जनुक हे त्याचं एक कारण, बाकी यकृताची तब्येत आणि सोबतची औषधंही आलीच. मग डोसच्या आधी आणि नंतर काही तासांनी रक्त तपासलं. वरची पातळी खालचीच्या दुपटीहून जास्त, म्हणजे औषध झपाट्यानं उतरतंय. म्हणून डोस तेवढाच ठेवून दोन वेळांत विभागला. वाढवायचा झालाच तर आधी ईसीजी, कारण हृदयाचा ताल बिघडू शकतो. आणि तोही सावकाश, कारण औषध साठत जातं. आज सोसलेला डोस चार दिवसांनी श्वास दाबू शकतो.

झालंय असं, की संध्याकाळचा डोस आता घरी येतो, कुलूपबंद डब्यात. किल्ली माझ्याकडे ठेवली तर मी त्याची पोलीस. त्याच्याकडे दिली तर रात्रभर माझा डोळा लागत नाही. तो स्वतःच म्हणतो "ताई, तू ठेव," आणि मग संध्याकाळी पाचपासून माझ्या मागे मागे फिरतो. शिवाय आता सगळ्याचं खापर जनुकावर. परवा गटाच्या बैठकीला गेला नाही, तेही जनुकामुळे! अगं, रिपोर्ट औषध किती लवकर मोडतं एवढंच सांगतो, आळसाचं त्यात काही नाही.

तुझ्या बदलीचं कळलं. अभिनंदन करू की सांत्वन? ओवीला पापा.

दादांच्या वेळी किल्ली तू कुणाकडे ठेवली होतीस? तेवढं लगेच कळव.

तुझी,
मंजू