दार कोणी उघडलं? माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

मी ठाण्यात चरईत राहतो. सदतीस वर्षं एका खासगी कंपनीत हिशेब लिहिले, आता घरी असतो. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

माझी आई 84 वर्षांची. सव्वाआठला इन्सुलिन घेते आणि साडेआठच्या आत पानावर बसते. गेल्या महिन्यात तिच्या मालिकेचा एक तासाचा विशेष भाग होता. आठवडाभर प्रोमो चालू: नायिका दाराकडे धावते, दार उघडतं, घरच्यांचे चेहरे पांढरेफटक, आणि तो घनगंभीर आवाज, ‘रविवारी उलगडणार पंचवीस वर्षांचं रहस्य!’ त्या रविवारी आईने सुई टोचून घेतली आणि म्हणाली, ‘एवढं दार उघडू दे रे, मग वाढ.’ ही माहेरी गेलेली. मी आमटी दोनदा गरम केली. नऊ वाजून दहा मिनिटांनी बाहेर येऊन बघतो तर आईच्या कपाळावर घाम, हात थरथरतायत, बोलणं जड. साखर 46. साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजलं, शेजाऱ्यांना उठवून गाडी काढायला लावली. रात्र दवाखान्यात गेली. पहाटे जरा हुशारी आल्यावर आईचा पहिला प्रश्न: ‘दार कोणी उघडलं रे?’

चूक माझी आहे, आधी वाढायला हवं होतं. ते मला डॉक्टरांनी, हिने आणि पुण्याच्या बहिणीने सांगून झालंय. आपण सांगू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच भाग पुन्हा लागला तेव्हा मी वही आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बसलो. साठ मिनिटांत जाहिराती आणि वाहिनीचे स्वतःचे प्रोमो मिळून 21 मिनिटं. ‘मागील भागात’ साडेतीन. प्रत्येक ब्रेकनंतर ब्रेकच्या आधीचंच पुन्हा, ती तीन. नुसत्या चेहऱ्यांवर, डावीकडून, उजवीकडून, मग धाडधाड आवाजासकट पुन्हा डावीकडून, नऊ. गोष्ट उरली साडेतेवीस मिनिटांची. आणि दार? ते अर्धं उघडलं, एक चप्पल दिसली आणि भाग संपला.

आमच्या इमारतीतला एक मुलगा घोडबंदर रोडवरच्या एका सेटवर एडिटिंगला मदतनीस आहे. तो हसला. म्हणाला, ‘काका, बँक संपली की चेहरेच ताणावे लागतात.’ बँक म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भाग. ब्रेकच्या आधी टाकतात तो ‘हुक’. माशाला टाकतात तोच. ताट पडल्याचा आवाज, किंचाळी, ब्रेक. परत आल्यावर कळतं, मांजर होतं. फार अडचण झाली तर सगळं स्वप्न होतं. आणि एक मालिका संपली की मध्ये श्वासाइतकीही जागा न ठेवता दुसरी सुरू, म्हणजे हात रिमोटकडे जायलाच नको. गेलाच तर शेजारच्या वाहिनीवरही त्याच मिनिटाला ब्रेक. हा योगायोग रोज रात्री कसा जमतो, हे आपल्या खात्याला ठाऊक असेलच.

मी वाहिनीकडे रीतसर तक्रार केली. आपल्याच 2021 च्या नियमांनुसार चोवीस तासांत पोच आणि पंधरा दिवसांत निर्णय मिळायला हवा. पोच आली. पंधरा दिवस गेले, मग सोळावा, मग एकविसावा. बाविसाव्या दिवशी उत्तर: ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पाहत राहा.’ पाहत राहा! आता वर अपील करायचं ते वाहिन्यांनीच नेमलेल्या मंडळाकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय.

केबल टीव्ही नेटवर्क नियम, 1994 यात स्पष्ट लिहिलंय: तासाला बारा मिनिटं. दहा जाहिरातींची, दोन स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीची. ट्राय या नियामक संस्थेने ते लागू करायला घेतलं, 2013 साली वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, सक्तीची कारवाई नको असा दिलासा मिळाला. तेव्हा पाचवीत असलेला माझा भाचा आता नोकरीला लागलाय. आई रोज तीन तास टीव्ही बघते. तासाला नऊ मिनिटं जास्तीची, म्हणजे वर्षाला जवळजवळ सात दिवस. माझ्या आईचे सात दिवस बेकायदा कोणीतरी घेतंय. एका रविवारवरून केलेला गुणाकार ढोबळ आहे, आपले अधिकारी तपासून घेतीलच, त्यांच्याकडे वेळ असतो.

आणि हे सगळं टीआरपीसाठी. देशात टीव्ही असलेली घरं सुमारे 23 कोटी, कोण काय बघतं ते मोजणारे मीटर सुमारे 58 हजार घरांत. एका मीटरमागे चार हजार घरं! आमच्या घरात मीटर आहे तो फक्त विजेचा, आणि तो मात्र एक युनिटही चुकत नाही. 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी फुगवल्याचं प्रकरण बाहेर काढलं, बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे 2022 च्या मार्चपर्यंत बंद होते. बंद असताना ब्रेकिंग न्यूज कमी झाल्या का? आमच्याकडे तर झाल्या नाहीत.

खरं सांगू का साहेब, मालिकावाल्यांवर राग धरून तरी काय करायचं? आम्ही ठाणेकर मेट्रोच्या खांबांखालून किती वर्षं जातोय ते आपण कापूरबावडीच्या सिग्नलला उभं राहून कोणालाही विचारा. प्रोमो झकास. पाण्याचं तेच, रस्त्याचं तेच. निवडणुकीच्या आधी हुक, नंतर ब्रेक, मग ‘मागील भागात’. या देशात सगळ्यांना एकच लेखक मिळालाय असं हल्ली वाटतं.

असो, भरकटलो. मागणी एवढीच: बारा मिनिटांचा निकाल लावून घ्या. ब्रेक किती मिनिटांचा, ते पडद्यावर आकड्यात दाखवायला लावा, निदान माणूस तेवढ्यात दोन घास खाईल. प्रोमोत दाखवलेलं त्या दिवशी दाखवायचं नसेल, तर तो प्रोमो फसवी जाहिरात समजा. आणि तक्रारीला उत्तर माणसाने लिहावं.

आई बरी आहे. आता आठ पंचवीसला तिला पानावर बसवतो आणि टीव्हीकडे पाठ करून बसवतो. ती ताटातल्या वाटीत पडद्याचं प्रतिबिंब बघते, हे मला परवाच कळलं.

आपला,
एक प्रेक्षक, ठाणे

ता. क. : दार उघडलं, नऊ दिवसांनी. कुरियरवाला होता.