बाटलीत ठेवून ब्रँडी जुनी होत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या फ्रेंच ब्रँडीवरचा लेख वाचला. बरं वाटलं, कारण आपल्या पेपरांत दारू म्हटलं की एकतर धाडीची बातमी नाहीतर ठेक्याच्या लिलावाची, बाकी कोणी काही लिहीतच नाही. पण फोटो आर्मान्याकच्या बाटलीचा आणि मजकूर सगळा कोन्याकचा, हे काही पटलं नाही. दोन्ही फ्रान्सच्या ब्रँडीच, पण कोन्याक बोर्दो शहराच्या उत्तरेला आणि आर्मान्याक पार खाली, दक्षिणेकडच्या गास्कनी भागात, दोघांची भट्टीसुद्धा वेगळी. कोन्याकवाले तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळतात. आर्मान्याक बहुतेक करून उभ्या तांब्याच्या भट्टीत एकदाच गाळतात, वाइन वरून खाली येते आणि वाफ तिच्यातूनच वर चढते, ब्रँडी साधारण 52 ते 60 टक्के अल्कोहोलवर उतरते म्हणून द्राक्षाचा वास आणि जडपणा तिच्यात जास्त राहतो. गास्कनीत पूर्वीपासून फिरत्या भट्ट्या आहेत, गाळणारा माणूस हिवाळ्यात आख्खी भट्टी गाडीवर घेऊन एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायचा, लाकडं पेटवायचा आणि रात्रंदिवस काम चालायचं, आता असे लोक थोडेच उरलेत पण आहेत. नियमाप्रमाणे 31 मार्चच्या आत गाळणं संपवावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. लेखात लिहिलंय की बाटली जितकी वर्षं सांभाळाल तितकी ब्रँडी मुरते. नाही हो! लोणचं बरणीत मुरतं, ब्रँडी काचेत मुरत नाही. जे काही होतं ते ओकच्या पिंपात, तिकडे 400 लिटरच्या आसपासची पिंपं असतात, लाकडातून रंग आणि वास उतरतो आणि दरवर्षी थोडी उडून पण जाते. पुरेशी झाली असं मालकाला वाटलं की मोठ्या काचेच्या कुप्प्यांत काढून ठेवतात, तेही मुद्दाम, म्हणजे वय तिथेच थांबावं म्हणून. लेबलवरचं साल हे द्राक्षं तोडली त्या वर्षाचं असतं, आणि साल लिहायचं तर किमान 10 वर्षं झालेली असावी लागतात. म्हणून 1975 ची एक 1990 ला भरलेली आणि दुसरी 2015 ला भरलेली, दोन्हींवर 1975 च दिसणार पण माल एक नाही, भरल्याची तारीख बघायलाच पाहिजे. आपल्या इंदूरमध्ये कितीतरी घरांत कोणी मुलाने ड्यूटी फ्रीमधून आणलेली बाटली कपाटात साड्यांच्या मागे दडवलेली असते, नातवाच्या लग्नाला काढू म्हणून. काढा हो, आत्ताच काढा, तिच्यात काही वाढणार नाहीये, झाकण सैल पडलं तर उलट कमीच होईल.

सालवार विकायची पद्धत तिकडे टिकली ती छोट्या शेतकऱ्यांमुळे. कोन्याकच्या मोठ्या कंपन्यांना दरवर्षी तीच चव हवी म्हणून त्या बऱ्याच वर्षांचा माल एकत्र करतात, गास्कनीतला शेतकरी मात्र प्रत्येक सालचं पिंप वेगळं ठेवतो आणि बाटलीवर आपलं गाव पण लिहितो. 1310 मध्ये व्हिताल द्यू फूर नावाच्या धर्मगुरूने आर्मान्याकचे 40 औषधी गुण लिहून ठेवले होते, (त्यातले किती खरे ते सोडा), 1909 मध्ये सरकारने ती कुठे बनवायची त्याची हद्द आखली आणि 1936 मध्ये नावाला कायद्याचं संरक्षण मिळालं.

हे एवढं लांबण लावायचं कारण अलीराजपूर. आपल्याच मध्य प्रदेशात तिथले बचत गट मोहाची दारू रीतसर बाटलीत भरून विकायला लागलेत, सरकारने तिला हेरिटेज नाव दिलंय. मग तिच्या लेबलवर फुलं कोणत्या गावची आणि कोणत्या सालची हे ठळक का नसावं? पुढच्या पुरवणीत तुमचा माणूस फ्रान्सऐवजी अलीराजपूरला पाठवा, बसनेसुद्धा जाता येतं.

आपला एक जुना वाचक,
राजेंद्रनगर, इंदूर